मॅडम, तुम्ही बसा

“मॅडम, तुम्ही बसा, हे फक्त ड्रिल आहे.”

हे वाक्य आजवर किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही. पाचवा मजला, अलार्म कोकलतोय, सगळे खुर्च्या मागे ढकलून उठलेत, कुणी चार्जर काढतंय, कुणी पाण्याची बाटली घेतंय (खऱ्या आगीत पण हे लोक बाटली घेऊनच निघणार, माझी खात्री आहे), आणि तेवढ्या गडबडीत कुणीतरी माझ्या टेबलापाशी थांबून हे बोलून जातं. प्रेमाने, हां. त्यात कसला तुच्छपणा वगैरे नसतो. आणि मी पण हसून मान डोलवायचे, कारण खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं. कोण उगाच पाच मजल्यांची झटापट करणार, त्यापेक्षा राहिलेली दोन मेलं टाकून होतील.

मग दोन मिनिटांत फ्लोअर रिकामा. रिकाम्या ऑफिसात अलार्म वेगळाच ऐकू येतो, जास्त मोठा, जास्त वैयक्तिक म्हणा हवं तर. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी व्हिडिओ कॉल चालूच राहिलेला, पलीकडचा माणूस विचारतोय, “हॅलो? कोणी आहे का?” मी तिथूनच ओरडून सांगितलं, “मी आहे, पण मी तुमच्या मीटिंगमध्ये नाही.” त्याला ते ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

खिडकीतून खाली बघितलं तर सगळे असेंब्ली पॉइंटला उभे, रांगा लावून, फायर वॉर्डन हातात यादी घेऊन नावं पुकारतोय. थोड्या वेळाने त्याने अंगठा वर केला. झालं. सगळे परत लिफ्टने वर आले. आणि दोन दिवसांनी ईमेलवर रिपोर्ट आला, त्यात लिहिलेलं: सर्व कर्मचारी ६ मिनिटांत सुरक्षित बाहेर, उपस्थिती १०० टक्के.

त्या १०० टक्क्यांत मी पण होते बरं का. पाचव्या मजल्यावर.

तेव्हा हसले होते मी. सगळ्यांना सांगत पण सुटले, की बघा, मी कागदावर पाच मजले सहा मिनिटांत उतरते. जोक म्हणून चांगला होता, पुढे दीडेक वर्ष चालला.

लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे पायाला आधार द्यायचा सांगाडा. आधी कुबड्यांवर सगळीकडे फिरायचे, आता खांदे कुरकुरतात म्हणून ऑफिसात व्हीलचेअर. घरात अजून थोडंफार उभं राहून चालते. हे एवढ्यासाठी सांगतेय की मी काही नव्याने या अवस्थेत आलेली बाई नाही. इमारतींचे जिने हे माझे जुने शत्रू आहेत आणि त्यांच्याशी माझा तह झालेला आहे: लिफ्ट असेल तिथे मी जाते, नसेल तिथे जात नाही. या तहात एक भोक आहे हे मला माहीत होतं, म्हणजे रोज दिसत होतं, लिफ्टच्या बटणाच्या अगदी वर, लाल अक्षरात. आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नका. रोज सकाळी मी ते वाचत लिफ्टची वाट बघायचे आणि लिफ्टने वर जायचे.

मग एक दिवस खरंच धूर झाला.

आग म्हणावी असं काही नव्हतं, आमच्याच मजल्यावरच्या यूपीएसच्या खोलीत बॅटऱ्या तापल्या, प्लास्टिक जळाल्याचा वास, पांढरट धूर छताला लागून पसरत चाललेला. अलार्म झाला. लोक उठले, आणि या वेळी कोणी “बसा” म्हणालं नाही. कोणी काहीच म्हणालं नाही. माझ्या मदतीला म्हणून ज्याचं नाव कागदावर होतं तो मुलगा त्या दिवशी रजेवर होता. (नंतर कळलं की दुसरं नाव जिचं होतं त्या मुलीला नोकरी सोडून आठ महिने झाले होते.) मी स्वतः चाकं ढकलत जिन्याच्या दारापर्यंत गेले. फायर डोअर जड असतं, मुद्दाम जड, कारण ते आपोआप बंद व्हायला हवं, पण बसलेल्या माणसाला ते ओढून उघडायचं आणि त्याच वेळी चाकं मागे घ्यायची म्हणजे तीन हात लागतात. कोणीतरी उतरता उतरता दार धरलं, मी आत लँडिंगवर गेले, आणि तिथे थांबले. बाजूने माणसं उतरतायत. काही जण बघतायत आणि नजर चुकवतायत. त्यांना मी दोष देत नाही, काय करायचं हे त्यांना तरी कुणी सांगितलं होतं?

शेवटी दोन पोरं थांबली. वरच्या मजल्यावरची, ओळख ना पाळख. “ताई, उचलू?” मी म्हटलं उचला. एकाने मागचे हँडल धरले, दुसऱ्याने पुढून हातांचे दांडे धरले, एक दोन तीन म्हणून उचललं, आणि एक दांडा त्याच्या हातात आला.

व्हीलचेअरचे आर्मरेस्ट निघतात. निघण्यासाठीच बनवलेले असतात, बेडवर सरकताना बाजूला काढता यावेत म्हणून. फुटरेस्ट पण निघतात. हे मला माहीत होतं, गेली कित्येक वर्षं रोज काढतेय मी ते. पण त्या क्षणी “तिथे धरू नका” हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. खुर्ची एका बाजूला कलली, माझा खांदा रेलिंगवर आपटला, आणि तो मुलगा हातातल्या दांड्याकडे असा बघत होता जसं त्याने माझाच हात उपटून काढलाय.

बाकी काही झालं नाही. धूर तेवढ्यातच आटोक्यात आला, आम्ही पाचव्या आणि चौथ्याच्या मध्ये बसून राहिलो, मी त्याला धीर देत होते. खांदा महिनाभर दुखला. पण तो जोक, सहा मिनिटांत १०० टक्के, तो मी परत कोणाला सांगितला नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. रात्री झोप यायची नाही तेव्हा वाचायचे. आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली की माझी भानगड काही नवी नाही, यावर आधीच लोक मेलेत आणि वाचलेत.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ साली बॉम्बस्फोट झाला होता, २००१ च्या आधीचा. तिथे ६९ व्या मजल्यावर जॉन अब्रुझो नावाचा माणूस काम करायचा, व्हीलचेअरवर, हातापायांत ताकद नाही. त्या वेळी त्याला खाली आणायला सहा तास लागले. मग त्या इमारतींमध्ये जिन्यावरून घसरवत न्यायच्या खास खुर्च्या आणून ठेवल्या गेल्या. २००१ च्या ११ सप्टेंबरला त्याच मजल्यावरून दहा सहकाऱ्यांनी त्याला आळीपाळीने अशाच एका खुर्चीतून खाली आणलं, दीड तासाच्या आसपास. ते बाहेर पडले आणि थोड्याच वेळात टॉवर कोसळला. सहा तास लागले असते तर? हे गणित मला कोणी सोडवून द्यायची गरज नाही.

त्याच टॉवरमध्ये २७ व्या मजल्यावर एड बेया होता. तो पण व्हीलचेअरवर. त्याचा मित्र एब झेलमनोविट्झ, धडधाकट माणूस, सहज उतरून गेला असता. तो मित्रापाशी थांबला. दोघं मदतीची वाट बघत राहिले आणि दोघंही गेले.

या दोन गोष्टी मी एकाच रात्री वाचल्या. दुसरीवर मी खूप वेळ अडकले. लोक तिला मैत्रीची गोष्ट म्हणून सांगतात, आणि आहेच ती. पण मला त्यात दुसरंच काहीतरी दिसत राहिलं. ती जिन्यात थांबलेली दोन पोरं आठवली. धूर वाढला असता तर? प्लॅन नसला की त्याची किंमत माझ्या एकटीवर पडत नाही. जो चांगला असतो, जो थांबतो, त्याच्यावर पडते. म्हणजे ज्याला नजर चुकवता येत नाही त्याच्यावर.

हे डोक्यात आलं तेव्हा मी ठरवलं की आता संकोच बास.

फॅसिलिटीवाल्या माणसाशी मीटिंग लावली. बिचारा चांगला होता, फक्त त्याला कोणी आजवर विचारलंच नव्हतं. त्याने एक फॉर्म आणला. याला इंग्रजीच्या आद्याक्षरांवरून पीप म्हणतात, म्हणजे एका माणसाचा त्याच्यापुरता बाहेर पडायचा प्लॅन. कुठे बसतो, अलार्म ऐकू येतो का, दिसतो का, जिना किती उतरू शकतो, काय साधन लागेल, कोण मदत करणार, कुठल्या जिन्याने. एका पानाचा असतो, पण तो त्या माणसाला समोर बसवून भरायचा असतो. माझा जुना फॉर्म कोणीतरी माझ्या माघारी भरलेला, त्यात “मोबिलिटी इश्यू, सहकारी मदत करतील” एवढी एक ओळ. कुठले सहकारी, कसली मदत.

तर नवीन फॉर्म भरताना तो एका रकान्यापाशी अडकला. पेन फिरवतोय, घसा खाकरतोय. मी म्हटलं काय झालं? तर वजन. त्याला माझं वजन विचारायचं होतं. मी म्हटलं, लिहा, अठ्ठावन्न. त्याने लिहिलं. आणि मग आम्ही पुढे गेलो आणि दोन रकाने झाल्यावर मला ती पोरं आठवली आणि मी म्हटलं, खोडा ते, चौसष्ट लिहा. कॅलिपर धरून सदुसष्ट. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरुषाला खरं वजन सांगितलं.

लिफ्टचं पण तेव्हाच नीट समजून घेतलं. लिफ्टचा शाफ्ट म्हणजे इमारतीतलं धुराडंच, गरम धूर त्यातून सरळ वर चढतो. वीज गेली की मध्येच अडकायचं. आग विझवायचं पाणी शाफ्टमध्ये उतरलं की लिफ्टची वायरिंग गेली. शिवाय बऱ्याच नव्या इमारतींमध्ये अलार्म वाजला की लिफ्ट आपोआप खाली येऊन दारं उघडून उभी राहते, म्हणजे मला वर सोडून ती स्वतःच पहिली पळते. पण, आणि हा पण मोठा आहे, सगळ्या लिफ्ट सारख्या नसतात. माणसं बाहेर काढण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या लिफ्ट असतात, त्यांना वेगळी वीज, आगीला दाद न देणाऱ्या भिंती, बाहेरच्या लॉबीत हवेचा दाब जास्त ठेवलेला म्हणजे धूर आत शिरत नाही. अशी लिफ्ट असली तर प्लॅनमध्ये ती यायलाच हवी, आणि ती चालवणारा माणूस पण. आमच्याकडे नाही. ठीक आहे, नाही तर नाही, पण निदान विचारलं तरी.

आमच्याकडे रेफ्यूज एरिया आहे. नाव मोठं, जागा एवढीशी. जिन्याला लागून, फायर डोअरच्या आत, एक व्हीलचेअर उभी राहील आणि उतरणाऱ्यांची वाट अडणार नाही एवढी. भिंतीवर निळा बोर्ड आणि एक बटण, दाबलं की खाली सिक्युरिटीशी बोलता येतं. मी तिथे गेले तेव्हा त्या जागेत दोन मोडक्या खुर्च्या आणि एक पाण्याचा रिकामा जार होता. ते हलवले. बटण दाबलं. वाजतंय, वाजतंय, कोणी घेत नाही. फॅसिलिटीवाला जिन्याने धावत खाली गेला (बघा, किती सहज), आणि पाच मिनिटांनी बटणाच्या जाळीतून त्याचा आवाज आला, “मॅडम, फोनवर व्हिजिटरचं रजिस्टर ठेवलेलं होतं.”

या रेफ्यूज एरियाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, माझा पण होता. की तिथे जाऊन बसायचं आणि फायर ब्रिगेड येऊन नेईल. ती वाट बघायची जागा आहे हे खरं, पण प्लॅनचा शेवट तिथे होत नाही. ब्रिटनमध्ये तर सरकारी मार्गदर्शनात स्पष्ट आहे की लोकांना बाहेर काढणं ही इमारत चालवणाऱ्याची जबाबदारी, फायर ब्रिगेडच्या भरवशावर प्लॅन आखायचा नाही. कारण साधं आहे, ते यायला वेळ लागतो, आले की आधी आग कुठे आहे ते बघतात, आणि पाचव्या मजल्यावर कोणी बसलंय हे त्यांना कोणी सांगितलं तरच कळतं. आणि ज्याने सांगायचं त्याच्या यादीत मी १०० टक्क्यांत मोजलेली.

अजून एक शिकले, हॉस्पिटलवाल्यांकडून. आयसीयूतल्या पेशंटला जिन्याने कुठे नेणार? म्हणून ते आधी आडवे सरकतात. म्हणजे त्याच मजल्यावर, फायर डोअरच्या पलीकडे, पुढच्या भागात. मग गरज पडली तर अजून पुढच्या. खाली उतरणं ही शेवटची पायरी. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, बाहेर म्हणजे खाली एवढंच माहीत होतं. आमच्या मजल्याला दोन विंग आहेत, मध्ये दोन फायर डोअर, सगळं सपाट. मी स्वतः चाकं मारत जाऊ शकते, कोणी नको. फक्त ती दोन दारं एरवी लाकडाचा तुकडा लावून उघडी ठेवलेली असायची, वारा येतो म्हणून. उघडं फायर डोअर म्हणजे भिंतीला भोक. तो लाकडाचा तुकडा मी मांडीवर ठेवून घेऊन आले आणि ड्रॉवरमध्ये टाकला. आता रोज कोणीतरी विचारतं की वारा का येत नाही.

आणि मग ती खुर्ची.

जिन्याजवळ भिंतीला पिवळं कव्हर घातलेलं काहीतरी लटकत असायचं. मी कित्येक वर्षं ते बघत होते, मला वाटायचं होजपाइप वगैरे असेल. ती इव्हॅक्युएशन चेअर निघाली, म्हणजे तीच, जिन्यावरून घसरवत न्यायची खुर्ची. कव्हरवर बोटभर धूळ, आत प्लास्टिकचं सील तसंच. घेतल्यापासून उघडलीच नव्हती कोणी. म्हणजे वस्तू होती, फक्त ती चालवणारा माणूस इमारतीत नव्हता.

ट्रेनिंगला एक माणूस आला, टीममधले चौघं शिकले. आधी मोकळी खुर्ची नेली, मग पाण्याच्या बाटल्या बांधून, मग एकमेकांना बसवून, आणि यात त्यांनी एवढा धिंगाणा घातला की जत्रेतला पाळणा असल्यासारखं. मग माझा नंबर. सगळे एकदम गप्प.

आता हे नीट सांगते, कारण हे कुठल्या ब्रोशरमध्ये नसतं. ती खुर्ची माझ्या व्हीलचेअरपेक्षा खाली आणि कापडाची, झोळीसारखी. एकातून दुसरीत सरकायचं म्हणजे मला आधी उभं राहायला लागतं, त्यासाठी कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक लावायचं. लावलं, उभी राहिले, वळले, बसले. आणि लॉक उघडायचं विसरले. मग माझे दोन्ही पाय समोर सरळ काठीसारखे ताठ. पट्टे बांधले, छातीवर एक, मांड्यांवर एक, खुर्ची मागे कलली, पहिल्या पायरीवर आली. मागच्या बाजूला दोन रबरी पट्टे असतात, ते पायऱ्यांच्या कडांवर टेकतात आणि घासत घासत खाली सरकतात. समोर फक्त उतार. चाकांवर हात नाही, ब्रेकवर हात नाही, माझे हात मांडीवर गुंडाळलेले, आणि सगळं मागच्या माणसावर. पोटात गोळा आला. डोकं म्हणत होतं ठीक आहे, पण अंग ऐकत नव्हतं. पाच-सहा पायऱ्या झाल्या आणि तिला तिची लय सापडली, खरखर, टक, खरखर, टक, आणि मला जरा श्वास घेता आला, तेवढ्यात लँडिंग आलं आणि वळताना माझे ताठ पाय भिंतीवर ठोकले गेले.

म्हणून आता माझ्या प्लॅनमध्ये एक ओळ आहे: बसल्यावर कॅलिपरचं लॉक उघडा, दोन्ही. जगातल्या कुठल्याही तयार फॉर्ममध्ये ही ओळ सापडणार नाही. दुसऱ्या कोणाची ओळ वेगळी असेल. कोणाच्या मणक्यात रॉड असेल आणि अशा खुर्चीत बसवणंच धोक्याचं असेल, कोणाची व्हीलचेअर मोटरची शंभर किलोच्या वरची असेल आणि ती उचलायचा विचारच करू नये, कोणाला उचललेलं चालत नाही पण बसून बसून एकेक पायरी स्वतः उतरता येते, वेळ लागेल पण येते. विचारल्याशिवाय हे कळणार कसं? आंधळ्या माणसाला दंडाला धरून ओढत नेणारे लोक असतात, आणि त्याच वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये ७८ व्या मजल्यावरून मायकेल हिंगसन हा अंध माणूस आपल्या कुत्रीसोबत, रोझेल तिचं नाव, जिन्याने उतरून बाहेर आला होता. त्याला इमारत पाठ होती. दिवे गेले असते तरी त्याचं काही अडलं नसतं, डोळसांचंच अडलं असतं.

माझं एक सोपं आहे, माझं दिसतं. चाकं दिसतात. न दिसणाऱ्यांचं काय? फॅसिलिटीवाल्याने उत्साहात येऊन मीटिंगमध्ये विचारलं, “अजून कोणाला मदत लागेल? हात वर करा.” एकही हात वर नाही. मला त्या खोलीतले निदान तिघं माहीत होते. एकाची बायपास झालेली, एकीला दम्यामुळे जिन्यातल्या धुरात दोन मजले पण झेपले नसते, आणि एकाला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, उजवा पण जेमतेम, तो ओठ वाचून चालवून नेतो. कोण चारचौघांत हात वर करणार, प्रमोशनच्या महिन्यात? मग सगळ्यांना वेगवेगळं विचारलं, गुपचूप, प्रत्येकाला तोच प्रश्न, म्हणजे कोणाला विचारलं आणि का विचारलं हा सवालच नको. सात जण निघाले. त्यात एक चार महिन्यांची गरोदर, जिने अजून घरी पण सगळ्यांना सांगितलं नव्हतं, आणि एक मॅरेथॉन पळणारा ज्याचा घोटा तेवढ्यात मोडला होता. हा प्लास्टर असेपर्यंत यादीत होता, मग निघाला. यादी अशी सारखी हलती पाहिजे.

त्या कमी ऐकू येणाऱ्याचं मला फार लागलं. तो म्हणाला, अलार्म मला कळतो, लोक उठले की मी उठतो. म्हटलं, आणि टॉयलेटमध्ये असलास तर? तो हसला. आता तिथे झपझपणारा दिवा लावलाय. घरी मात्र रात्रीचं काय करतो विचारलं तर गप्प. नेहमीचे धुराचे अलार्म बारीक किंचाळतात, ३००० हर्ट्झच्या आसपास, आणि वय झालं किंवा कान गेले की नेमका हाच बारीक आवाज आधी जातो. ५२० हर्ट्झचा जाडा आवाज झोपेतून उठवायला जास्त कामाचा, आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती मिळते अलार्मला जोडलेली. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, ताई तुम्हाला हे सगळं कुठून माहीत? झोप येत नाही म्हणून, अजून काय.

घरांचं तर वेगळंच. ऑफिसात निदान एचआर असतं भांडायला. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली, २४ मजले, ७२ माणसं गेली. तिथे राहणारे अपंग लोक ३७ होते, त्यातले १५ गेले. त्यांच्यासाठी कसला प्लॅन नव्हता, घरातच थांबा एवढीच सूचना. २०१९ मध्ये चौकशी अहवालाने सांगितलं की अशा प्रत्येक रहिवाशाचा प्लॅन करा. सरकार २०२२ मध्ये म्हणालं की हे व्यवहार्य नाही. मग त्यावर लोक पुन्हा भांडले, आणि इंग्लंडमध्ये उंच इमारतींसाठी त्याचे नियम २०२५ मध्ये आले, अंमलाची तारीख ६ एप्रिल २०२६. २०१७ ते २०२६. एका पानाचा फॉर्म.

बरं, आमच्या ऑफिसचं. मदतीला आता दोन नावं नाहीत, पाच आहेत, आणि दर सोमवारी त्यातलं कोण जागेवर आहे ते बघितलं जातं. मी घरून काम करत असेन तर मी स्वतः मेसेज टाकते की आज मी नाही, नाहीतर कोणीतरी मला शोधत धुरात वर जायचं. त्यातला एक तो आर्मरेस्टवाला मुलगा आहे. स्वतःहून आला. त्याने माझ्या व्हीलचेअरच्या न निघणाऱ्या भागांवर हिरवी टेप लावून दिली, जिथे धरायचं तिथे, आणि निघणाऱ्यांवर लाल. सुंदर दिसत नाही. असू दे.

परवा ड्रिल झालं. सांगून ठेवलं होतं की या वेळी “मॅडम, तुम्ही बसा” चालणार नाही. अलार्म झाला, मी स्वतः दोन फायर डोअर ओलांडून पलीकडच्या विंगला गेले, बटण दाबलं, खालून लगेच “बोला मॅडम” आलं, गर्दी ओसरली, खुर्ची काढली, लॉक लावलं, उभी राहिले, बसले, लॉक उघडलं. दोन्ही. चौघांनी आळीपाळीने खाली आणलं. ११ मिनिटं. असेंब्ली पॉइंटला वॉर्डनने माझं नाव पुकारलं आणि मी शाळेत द्यायचे तशी “हजर” अशी आरोळी ठोकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, जे मला आवडलं नाही, पण ठीक.

मग ऑल क्लिअर झालं. सगळे गप्पा मारत लिफ्टकडे निघाले. आणि मी त्या कापडाच्या झोळीत उन्हात बसलेली. कारण माझी व्हीलचेअर पाचव्या मजल्यावर. ही खुर्ची जिना उतरायची, सपाटीवर तिची छोटी चाकं मला स्वतःला फिरवता येत नाहीत, आणि उठून जावं तर कुबड्या टेबलापाशी. एवढा सगळा प्लॅन झाला आणि खाली आल्यावर मी कशावर बसणार हे पाचही जणांच्या आणि माझ्या, कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. खरी आग असती तर वर जाऊन खुर्ची आणणं शक्यच नव्हतं, म्हणजे मी दिवसभर, संध्याकाळपर्यंत, बाथरूमला सुद्धा...

“ताई, आणतो मी,” म्हणत तो मुलगा लिफ्टकडे पळाला. मी फॅसिलिटीवाल्याला हाक मारली. त्याने खिशातून फॉर्म काढला, उलटा केला, आणि भिंतीवर टेकवून लिहायला लागला: तळमजल्यावर एक जादा व्हीलचेअर.

“कुबड्या पण,” मी म्हटलं.